जरा दुखतंय

मराठीत दुखण्याचे शब्द मोजायला बसलात तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत. दाढ ठणकते, जखम ठसठसते, पोटात मुरडा येतो, कंबरेत चमक भरते, मान अवघडते, पोटऱ्या ओढतात, खांद्याला रग लागते, पायात गोळे येतात, आणि तापाआधी सगळं अंगच मोडून येतं. प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली. दाढ कधी अवघडत नाही आणि मान कधी मुरडत नाही. एवढी ऐपत असलेल्या भाषेत वाढलेली आपण माणसं डॉक्टरसमोर बसलो की मात्र एकच वाक्य बोलतो: "जरा दुखतंय."

या 'जरा'चं करायचं काय, हे शिकण्यात माझी गेली काही वर्षं गेली आहेत. मी लाइपझिगला एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून काम करते आणि मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस नावाचा आजार आहे. आपल्याकडचे डॉक्टर त्याला थोडक्यात 'एएस' म्हणतात, जर्मन लोक 'मॉर्बुस बेश्टेरेव्ह' म्हणतात. पाठीचा कणा खाली कमरेच्या हाडांना जिथे जोडला जातो तिथल्या सांध्यांना, आणि पुढे मणक्यांनाही, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सूज आणते. ही सूज वर्षानुवर्षं राहिली तर काही जणांच्या मणक्यांमध्ये नवं हाड तयार होतं आणि मणके एकमेकांना सांधले जातात. आजार बरा होत नाही, आटोक्यात राहतो. त्यामुळे "आता बरी आहेस ना?" असं कुणी विचारलं की त्या 'आता'चा अर्थ मी शब्दशः घेते आणि तेवढ्यापुरतंच उत्तर देते.

गंमत म्हणजे या आजाराचं आणि माझ्या गावाचं जुनं नातं आहे. व्लादिमिर बेख्तेरेव्ह हे रशियन डॉक्टर १८८० च्या दशकात शिकायला लाइपझिगला आले होते. आडोल्फ श्ट्र्युम्पेल या डॉक्टरांचं अंतर्गत रोगांवरचं पाठ्यपुस्तक त्याच सुमारास लाइपझिगमधूनच प्रसिद्ध झालं, आणि कणा व कमरेचे सांधे हळूहळू ताठ होत गेलेल्या रुग्णांची नोंद त्यात १८८४ मध्ये आली. बेख्तेरेव्ह यांनी १८९३ मध्ये, श्ट्र्युम्पेल यांनी पुन्हा सविस्तर १८९७ मध्ये आणि पॅरिसच्या प्येर मारी यांनी १८९८ मध्ये हा आजार मांडला. पण त्यांच्यासमोर आलेले रुग्ण पूर्ण वाकलेले किंवा ताठलेले होते. हाडात झालेला बदल एक्सरेत दिसायलाही वर्षं लागतात. सुरुवातीची सूज दिसायला एमआरआय यावा लागला. एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी असलेला संबंध १९७३ मध्ये कळला, पण ती खूण असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही. म्हणजे रक्ताच्या एका चाचणीवर भागत नाही. शेवटी डॉक्टरला रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून राहावं लागतं, आणि रुग्ण सांगतो, "जरा दुखतंय."

काय सांगायचं असतं ते आधी सांगते, कारण ते तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला उपयोगी पडू शकेल. साधी पाठदुखी दिवसभराच्या कामानं वाढते आणि आडवं पडलं की उतरते. ही उलटी. पडून राहिलं की वाढते. पहाटे तीन-चारला जाग आणते. उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी असते, आणि चालायला फिरायला लागलं की सुटत जाते. सुरुवात बहुधा विशी-तिशीत होते, हळूहळू होते. आपल्याकडे पाठ दुखते म्हटलं की घरातला प्रत्येक जण प्रेमानं सांगतो, "पड जरा." या आजारात तो सल्ला नेमका उलटा पडतो.

जर्मनीत आल्यावर दुखणं तिसऱ्या भाषेत सांगायची वेळ आली. इथल्या दवाखान्यात एक फॉर्म भरून घेतात. त्यात दुखण्याची विशेषणं छापलेली असतात: टोचणारं, ओढणारं, गिरमिट फिरवल्यासारखं, बोथट, जळजळणारं, ठोके देणारं. ही कल्पना मुळात कॅनडातल्या रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाची. रुग्ण वापरतात ते शब्द त्यांनी गोळा केले, गट पाडले आणि १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नावानं ७८ शब्दांची प्रश्नावली छापली. ती यादी वाचताना मी मनातल्या मनात मराठी शब्द शेजारी लिहीत गेले. ओढणारं म्हणजे आपल्या पोटऱ्या ओढतात तसं. ठोके देणारं म्हणजे ठसठस. कणा आखडल्याला मात्र त्या यादीत शब्द सापडला नाही. आखडणं म्हणजे नुसतं ताठ होणं नव्हे. त्यात सुटण्याची आशाही असते.

लोकभाषेत मात्र जर्मन आपल्या जवळ येतात. पाठीत अचानक उसण भरली की ते 'हेक्सनशुस' म्हणतात, म्हणजे चेटकिणीनं मारलेला बाण. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना मी सांगितलं की आमच्याकडे उसण भरली तर पायाळू माणसाला बोलावतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं पाठीला पाय लावला की उसण जाते. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "माझं डोकं आधी आलं होतं, त्यामुळे आपल्याला व्यायामच करावे लागतील." चिठ्ठीवर साधारण सहा बैठका लिहून मिळतात, एकेक वीसेक मिनिटांची. त्यांनी शिकवलेला पहिला व्यायाम 'काट्सनबुकल', मांजराची पाठ. आपलं मार्जारासन. शाळेच्या मैदानावर धुळीत केलेलं आसन मी आता चाळीस पायऱ्या चढून जावं लागणाऱ्या एका खोलीत, निळ्या चटईवर करते.

याच बाईंनी मला आकडा सांगायला शिकवलं. इथे प्रत्येक जण विचारतो, "शून्य ते दहा, किती?" शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं. आता आजीची आठ बाळंतपणं शेतातल्या कामांसकट ऐकत वाढलेल्या मुलीनं कल्पना कुठपर्यंत ताणायची? सोशिक हा आमच्या घरी बाईला मिळणारा सगळ्यात मोठा किताब होता. त्या किताबाच्या हिशेबात कुठलंही दुखणं चारच्या वर जात नाही. बाईंनी आकडा बाजूला ठेवला आणि विचारलं, "तेव्हा काय करता येत नाही?" तिथून आमचा तक्ता तयार झाला. दोन म्हणजे सगळं जमतं, फक्त पाठ आहे याची आठवण असते. चार म्हणजे अर्ध्या तासाच्या वर खुर्चीत बसता येत नाही. सहा म्हणजे मोजे पलंगावर आडवं पडून घालावे लागतात. आठ म्हणजे रात्री कुशीवर वळायचं तर आधी पूर्ण जागं व्हावं लागतं. तक्ता फ्रिजवर लावला आहे. आता मला कुणी विचारलं तर मी सोसण्याची मोजदाद करत नाही, मोज्यांकडे बघते.

या आजाराचे अधिकृत फॉर्मही असेच कामांवर चालतात. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये ते बनवले. एकात सहा प्रश्न: थकवा किती, मान-पाठ-कंबर किती, सकाळचं आखडणं किती आणि किती वेळ, असे. सरासरी चार किंवा वर आली तर आजार जोरात आहे असं धरतात. दुसऱ्यात दहा प्रश्न: मदतीशिवाय मोजे घालता येतात का, खाली पडलेलं पेन वाकून उचलता येतं का, उंच फळीवर हात पोचतो का, कठड्याला न धरता बारा-पंधरा पायऱ्या चढता येतात का, मान वळवून मागे बघता येतं का. चांगले प्रश्न आहेत. फक्त त्यात मांडी घालून जेवणं नाही. वाकून नमस्कार करणं नाही. गणपतीपुढे आरती संपेपर्यंत एका जागी उभं राहणं नाही. मी ही तीन कामं कागदावर लिहून संधिवाताच्या डॉक्टरांना दिली. त्यांनी नमस्कार करून दाखवायला सांगितला, बोटं जमिनीपासून किती वर राहतात ते टेपनं मोजलं आणि आकडा फायलीत लिहिला. वडीलधाऱ्यांच्या पायांपासून माझं अंतर आता सेंटिमीटरमध्ये नोंदवलेलं आहे.

आता रोजचं सांगते. पहाटे चारला जाग आली तर पडून राहत नाही. उठते, स्वयंपाकघर ते खिडकी अशा फेऱ्या मारते, गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी राहते, व्यायाम करते आणि मग जमलं तर पुन्हा तासभर झोपते. घर जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. भेटायला येणाऱ्यांना वाटतं जिना हा माझा शत्रू. जिना मित्र आहे. शत्रू खुर्ची आहे. रेल्वेनं बर्लिनला जाताना अर्धा वेळ मी दारापाशी उभी असते. आशियाई दुकानातून कणकेचं मोठं पोतं आणत नाही. दोन किलोच्या पिशव्या, एका खांद्यावर एक, दोन फेऱ्या. रविवारी इथली दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी सगळं आणायचं असा शिरस्ता आहे. मी तो बुधवार आणि शनिवार असा वाटून घेतला. पोळ्या एका दमात वीस लाटत नाही. सात लाटते, चालून येते, पुन्हा सात.

आणि सगळ्यात जपायचा तो बरा दिवस. वाईट दिवशी माणूस आपोआप बेतानं वागतो. बऱ्या दिवशी मात्र कपाट काढावंसं वाटतं, राहिलेले प्रयोग उरकावेसे वाटतात, आणि त्याची वसुली पुढचे तीन दिवस चालते. म्हणून बऱ्या दिवशीही मी वाईट दिवसाच्या दीडपटच काम करते, जास्त नाही. या शिस्तीला आमच्या घरी आळस म्हटलं असतं.

नोकरीचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, विशेषतः नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांकडून. जर्मनीत तब्येतीचं सांगायला कायदा जागा करून देतो, आणि किती सांगायचं हेही तुमच्या हातात ठेवतो. डॉक्टरांनी रजेची चिठ्ठी दिली तर नोकरी देणाऱ्याला फक्त तारखा कळतात, आजाराचं नाव नाही. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. पुढे सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्याकडून मूळ पगाराच्या ७० टक्के, मात्र हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांच्या वर नाही. औषधांच्या वाट्याला स्वतःच्या खिशातून वर्षाकाठी जास्तीत जास्त उत्पन्नाच्या दोन टक्के जातात. दीर्घ आजार असलेल्यांसाठी ही मर्यादा एक टक्का आहे, पण त्यासाठी पावत्या जपून अर्ज करावा लागतो. अपंगत्वाची पातळी दहा-दहाच्या टप्प्यांनी ठरवून मिळते. पन्नास किंवा वर असेल तर वर्षाला पाच दिवस जादा रजा आणि नोकरीवरून काढण्याविरुद्ध विशेष संरक्षण. तीस किंवा चाळीस असेल तर रोजगार कार्यालयाकडे बरोबरीच्या संरक्षणासाठी अर्ज करता येतो. माझी तीस आहे.

संशोधकांसाठी आणखी एक गोष्ट. विद्यापीठातल्या मुदतीच्या करारांवर २००७ च्या कायद्यानं वर्षांची मर्यादा घातली आहे: साधारणपणे पीएचडीपर्यंत सहा आणि नंतर सहा. अपंगत्व किंवा गंभीर दीर्घ आजार असेल तर ही मर्यादा दोन वर्षांनी वाढते. ही मुभा आहे, हक्काचा करार नव्हे. करार द्यायचा की नाही हे विद्यापीठच ठरवतं. पण ती मुभा वापरायची तर कागदावर आजार लिहावा लागतो. इथे सोशिक माणूस अडतो. न सांगितलं तर दोन वर्षं जातात. सांगितलं तर पुढच्या मुलाखतीत कुणाच्या मनात शंका येईल का, याचा घोर लागतो.

मी गटप्रमुखांना सांगायचं ठरवलं तेव्हा आजाराचं भाषण तयार करून गेले होते. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "काय लागेल?" कुठे दुखतं, कधीपासून, घरी कुणाला आहे का, काही नाही. काय लागेल. आधी मला तो प्रश्न कोरडा वाटला. आपल्याकडे काळजी म्हणजे चौकशी. पण उत्तर देताना लक्षात आलं की यादी छोटी आहे: वरखाली होणारं टेबल, बैठकीत मागे उभं राहायची मोकळीक आणि दहाच्या आधी बैठक नको. तिन्ही गोष्टी महिन्याभरात झाल्या. आता बैठकीत आणखी दोघं माझ्याबरोबर उभे राहतात. त्यांची पाठ कशी आहे ते मी विचारलेलं नाही.

औषधाचा रस्ता आपल्यासारख्यांसाठी थोडा वळणाचा असतो, तोही सांगते. सुजेच्या गोळ्यांनी भागलं नाही की जैविक औषधांची इंजेक्शनं देतात. ती प्रतिकारशक्तीचा एक दुवा दाबतात, म्हणून आधी शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले नाहीत ना ते बघावं लागतं. दंडावर बीसीजीचा व्रण घेऊन आलेल्या आपल्या लोकांत त्वचेची जुनी चाचणी फसवी ठरू शकते. रक्ताची नवी चाचणी बीसीजीनं फसत नाही. माझी रक्ताचीच सकारात्मक आली. आजार नाही, नुसते झोपलेले जंतू. आधी महिनाभर प्रतिबंधक गोळ्या, मग इंजेक्शन, आणि गोळ्या पुढे चालूच. फोनवर 'टीबी' शब्द ऐकून आईनं आवाज इतका खाली आणला, जणू शेजारच्या काकू लाइपझिगलाच राहतात. आता दर दोन आठवड्यांनी मांडीत एक पेन टोचते. ती पेनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. भारतात जाताना थंड पिशवीत, डॉक्टरांच्या पत्रासह, हातातल्या सामानात. सामानाच्या कप्प्यात गोठली तर वाया जातात. अडालिम्युमाब नावाच्या या औषधाची पहिली स्वस्त प्रतिकृती २०१४ मध्ये अहमदाबादच्या एका कंपनीनंच बाजारात आणली, हे कळल्यावर मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

गुरुवारी मी रॉयमा-लिगा या संधिवाताच्या रुग्णांच्या संघटनेच्या गटात कोमट पाण्यातले व्यायाम करायला जाते. बहुतेक सगळे सत्तरीचे. "कसं काय?" विचारलं की ते म्हणतात, "मुस या." चालवायलाच हवं. म्हणजे सोसण्याचा मक्ता आपल्याकडेच नाही. फरक एवढाच की "मुस या" म्हणणारा माणूस अर्जही भरून आलेला असतो. सोसणं आणि सांगणं यांचं भांडण आहे असं त्याला वाटत नाही.

माझ्या आजोळी, इचलकरंजीला, एक मामा होता. त्याची पाठ वाकलेली होती. मागे बघायचं तर तो सगळाच्या सगळा वळायचा, आणि आम्ही पोरं मुद्दाम मागून हाका मारायचो. यंत्रमागावर वाकून वाकून पाठ वाकली, असं सगळे म्हणायचे. तोही म्हणायचा. पहाटे उठून अंगणात येरझारा घालायचा, तर म्हणायचे रात्रपाळीची सवय. त्याच्या मणक्याचा फोटो कधी निघाला नाही, त्यामुळे त्याला काय होतं हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण ही खूण घराण्यातून येते, आणि त्या येरझारा मी आता स्वतः घालते.

गेल्या दिवाळीत त्याच्या मुलाचा फोन आला. सव्वीस वर्षांचा, पुण्यात संगणकावर काम करतो. बोलता बोलता म्हणाला, पाठ धरते, ऑफिसातली खुर्ची बदलून मागितली आहे. मी विचारलं, "कधी धरते?" "पहाटं." "उठून चाललास तर?" "मग सुटते की." "किती दिवस झाले?" "झालं असंल वरीसभर. सोसतंय गं ताई, जरा दुखतंय."

मी त्याला सोसू नको म्हटलं नाही. ज्या घरात तो शब्द किताब आहे तिथे असं सांगणं म्हणजे बापाला नावं ठेवल्यासारखं होतं. मी त्याला फ्रिजवरच्या तक्त्याचा फोटो पाठवला आणि दोन आठवडे रोज फक्त वेळ आणि आकडा लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं. पंधरा दिवसांत अकरा पहाटा निघाल्या, बहुतेक सहाच्या. तो कागद घेऊन तो हाडांच्या नाही, संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी कागद वाचून कमरेच्या सांध्यांचा एमआरआय सांगितला, आणि त्यात सूज दिसली. त्याचा कणा अजून सरळ आहे. त्याला आता गोळ्या चालू आहेत, रोज पोहायला जातो, आणि मागून हाक मारली तर नुसती मान वळवून बघतो.

तुमच्या ओळखीत चाळिशीच्या आतलं कुणी असेल, तीन महिन्यांहून जास्त पाठ दुखत असेल, तर 'किती दुखतं' विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. पहाटे जाग येते का, आणि उठून चाललं की बरं वाटतं का, एवढंच विचारा. दोन्हीला हो म्हणाले, तर कागद-पेन्सिल द्या.